पाऊल दिसू द्या : बॅलेच्या पहिल्या शूजविषयी गैरसमज आणि वस्तुस्थिती

मुंबईत बॅले नवा नाही. तुशना दल्लास यांनी १९६६ मध्ये तिथे बॅलेची शाळा सुरू केली. आता शहरांतून लहान मुलंच नव्हे, तर नोकरी करणारी मोठी माणसंही हौसेने क्लास लावतात. पण भरतनाट्यम, कथक, लावणी हे आपले सगळे नाच अनवाणी पायांचे. त्यामुळे नाचासाठी शूज कसे निवडावेत, हे घरातल्या जाणत्या माणसाला विचारून कळत नाही. मग फोटो आणि सिनेमे पाहून अंदाज बांधले जातात आणि पहिली जोडी चुकते. एक गोष्ट लक्षात ठेवली तर बरीचशी चूक टळते : पहिल्या जोडीने पाऊल झाकायचं नसतं. पायाला जमीन जाणवली पाहिजे आणि शिक्षकांना पाऊल दिसलं पाहिजे.

गैरसमज : बॅलेचे शूज म्हणजे बोटांच्या टोकांवर उभं करणारे साटीनचे शूज.

वस्तुस्थिती : ते पॉइंट शूज. नवशिक्याने घ्यायचे असतात ते मऊ स्लिपर, ज्यांना फ्लॅट्सही म्हणतात. दोन्ही वस्तू वेगळ्या आहेत, आणि दोन्हींमध्ये काही वर्षांचा रियाज आहे.

मारी तालियोनी ही नर्तकी १८३२ मध्ये पॅरिसला ‘ला सिल्फीद’ या बॅलेमध्ये बोटांच्या टोकांवर नाचली, तेव्हा तिच्या पायांत रफू करून जरा घट्ट केलेले साटीनचे साधे स्लिपर होते. आधार होता तो तिच्या कमावलेल्या पायांचा. पुढे इटालियन कारागिरांनी शूजचं टोक कडक केलं. आजही पारंपरिक पॉइंट शूजच्या टोकात लाकूड किंवा लोखंड नसतं. कापड, कागद आणि खळ यांचे थर तिथे वाळवून कडक केलेले असतात. हा शू आधार देतो, पण उभं राहण्याचं बळ घोटा, तळवा, पोटऱ्या आणि कंबर यांतूनच यावं लागतं.

म्हणून जबाबदार शिक्षक साधारण बाराव्या वर्षाआधी पॉइंट शूज देत नाहीत, आणि त्यानंतरही वयाबरोबर ताकद आणि नियमित सराव पाहूनच देतात. मोठ्या माणसांनाही हीच अट. वाढत्या हाडांवर किंवा कच्च्या घोट्यावर हा भार टाकणं म्हणजे दुखापतीला बोलावणं. हौसेपोटी घरी आणून आरशासमोर ‘एकदा उभं राहून बघणं’ कृपया टाळा.

गैरसमज : मग मोजे पुरतील, नाहीतर अनवाणी शिकू.

वस्तुस्थिती : पहिल्या एखाद्या तासाला बरेच शिक्षक मोजे चालवून घेतात, पण रोजच्या सरावाला नाही. कारण बॅलेच्या पायाभूत हालचालींत आहे. ‘तांद्यू’मध्ये पाऊल जमिनीवरून घासत पुढे सरकतं : आधी टाच सुटते, मग चवडा, आणि शेवटी फक्त बोटांची टोकं टेकलेली राहतात. उघडा, घामेजलेला तळवा फरशीला चिकटतो. मोजा उलट नको तितका सरकतो, आणि उडीनंतर पाय टेकताना ते धोक्याचं ठरतं. स्लिपरच्या तळाचं खरखरीत मऊ कातडं या दोन्हींच्या मधलं आहे. म्हणूनच हे शूज घालून रस्त्यावर जायचं नाही. धूळ, ओल आणि खडे यांनी तळ खराब होतो.

दुकानात मिळणारे रबरी तळाचे ‘बॅलेरिना’ही क्लासला चालत नाहीत. १९५६ मध्ये पॅरिसच्या रपेतो या नाचाच्या शूजच्या कंपनीने अभिनेत्री ब्रिजित बार्दोसाठी तसा रोज वापरायचा जोड बनवला. ती फॅशन टिकली, पण तो चालायचा बूट आहे, नाचायचा नाही.

गैरसमज : मुलांचे पाय वाढतात, एक नंबर मोठा घ्यावा.

वस्तुस्थिती : शाळेच्या बुटांना हा हिशेब ठीक, इथे नाही. सैल स्लिपरमध्ये पाऊल आत घसरतं, पुढचं कापड पायाखाली दुमडतं आणि मूल अडखळतं. त्याहून मोठं नुकसान म्हणजे बोटं आत मुडपली आहेत की लांब ताणली आहेत, हे शिक्षकांना दिसत नाही. न दिसलेली चूक सुधारली जात नाही आणि पायाला तीच सवय लागते. फार घट्ट जोडीने बोटं वाकतात, म्हणून तीही नको. स्लिपर हातमोज्यासारखा अंगाबरोबर बसावा.

माप उभं राहूनच पाहा, कारण भार पडला की पाऊल लांबतं. दोन्ही पायांवर सरळ उभं राहिल्यावर बोटं सपाट पसरली पाहिजेत. गुडघे वाकवल्यावर बोटांना टोचू नये. चवड्यावर उभं राहिल्यावर टाच निसटू नये. शेवटी पाऊल ताणून बोटांपुढचं कापड चिमटीत धरून पाहा. बरंच कापड हाती आलं तर जोडी मोठी आहे.

गैरसमज : रोजच्या बुटांचा नंबर सांगितला की झालं.

वस्तुस्थिती : प्रत्येक कंपनीचे आकडे वेगळे असतात, आणि काहींमध्ये स्लिपरचा नंबर रोजच्या बुटापेक्षा एक-दोनने कमी निघतो. ऑनलाइन मागवताना कागदावर उभं राहून दोन्ही पावलांची लांबी-रुंदी मोजा आणि त्याच कंपनीच्या तक्त्याशी ताडून पाहा. बदलून मिळण्याची सोय आहे ना, तेही आधी विचारा. बऱ्याच स्लिपरमध्ये डावा-उजवा असा फरक नसतो. दोन्ही सारखे दिसले म्हणून जोडी परत पाठवू नका, वापरता वापरता ते आपापल्या पायाचा आकार घेतात.

गैरसमज : व्यावसायिक नर्तक वापरतात तेच उत्तम.

वस्तुस्थिती : त्यांच्या स्लिपरचा तळ बहुधा चवडा आणि टाच असा दोन तुकड्यांत असतो, त्यामुळे पावलाची कमान उठून दिसते. अखंड तळ वाकवायला पायाला जोर लावावा लागतो, आणि नवशिक्याच्या तळव्याला तोच व्यायाम हवा असतो. म्हणून लहान मुलांना अनेक शिक्षक अखंड तळच सांगतात. मोठ्यांना दोन्हींपैकी काय घ्यायचं, ते आपल्या शिक्षकांना विचारावं.

वरचा भाग कातडी, कॅनव्हास किंवा साटीनचा असतो. कातडी टिकते आणि पावलाला धरून बसते. कॅनव्हास हवेशीर आणि धुता येणारा. साटीन लवकर मळतं आणि फाटतं, ते कार्यक्रमापुरतं ठेवा. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात कातडीला बुरशी धरते, म्हणून क्लासनंतर जोडी प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका, पंख्याखाली वाळू द्या.

गैरसमज : नाडी आवळली की शू पायाला बसतो.

वस्तुस्थिती : नाडीने फक्त कडेची किंचित ढील काढायची. जास्त आवळली तर ती घोट्यामागच्या शिरेला काचते. गाठ मारून टोकं आत खोचा. पायावर शू धरून ठेवतं ते इलॅस्टिक, आणि ते अनेकदा आपल्यालाच शिवावं लागतं. टाचेचा भाग आत दुमडा. दोन्ही बाजूंना जिथे घडी पडते, तिथे इलॅस्टिक लावा. सुई नाडीतून जाणार नाही याची काळजी घ्या.

गैरसमज : रंग गुलाबीच हवा.

वस्तुस्थिती : गुलाबी रंग युरोपातल्या गोऱ्या नर्तकींच्या त्वचेशी मिळता म्हणून रूढ झाला. शू पायाच्याच रंगाचा असला की पायाची रेघ बोटांपर्यंत अखंड दिसते. हेच तत्त्व धरून न्यूयॉर्कच्या डान्स थिएटर ऑफ हार्लेमने १९७० च्या दशकात आपल्या नर्तकांना ज्याच्या त्याच्या वर्णाचे शूज दिले. लंडनच्या फ्रीड कंपनीने बॅले ब्लॅक या संस्थेसोबत तपकिरी छटांचे पॉइंट शूज आणले ते मात्र २०१८ मध्ये. मुलगे बहुधा काळे किंवा पांढरे घालतात. सावळ्या मुलीला तिच्या रंगाचे शूज हवे असतील, तर तो हट्ट नाही, बॅलेचाच नियम आहे. क्लासचा गणवेश ठरलेला असेल, तर हे शिक्षकांशी जरूर बोला.

थोडक्यात, खरेदीआधी शिक्षकांना तीन गोष्टी विचारा : तळ कोणता, कापड कोणतं, रंग कोणता. आणि नवी जोडी इलॅस्टिक शिवण्याआधी, स्वच्छ फरशीवर घालून, त्यांना एकदा दाखवा. शिवण्याआधी ती बहुधा बदलून मिळते.