सायकलींची दिंडी

शिरूर तालुक्यांतील पाबळ हें गांव इतिहासाच्या अभ्यासकांस मस्तानीच्या समाधीमुळें परिचित आहे. आणि अलीकडील काळांत डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं १९८३ सालीं तेथें स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमामुळें त्याचें नांव दूरवर पोहोंचलें. हातानें काम करीत करीत ज्ञान मिळवावें, हें त्या आश्रमाचें मूळ सूत्र. अशा गांवीं बसून सायकलीचा विचार करणें सर्वथा उचित होय. कारण, जी विद्या ऐकून किंवा वाचून येत नाहीं, करूनच येते, तिचें सायकलीइतकें सोपें उदाहरण दुसरें नाहीं. तोल म्हणजे काय, हें फळ्यावर कितीहि समजावून सांगितलें, तरी चाक फिरूं लागल्यावांचून तें कोणासहि उमगत नाहीं.

परंतु सायकल चालवितां येणें ही एक गोष्ट, आणि ती रोज रस्त्यावर नेणें ही दुसरी. वाडीवस्तीपासून शाळा पांच किलोमीटर दूर असली, तर पायीं जाणाऱ्या मुलीस तासाहून अधिक वेळ लागतो. तेंच अंतर सायकलीनें वीस-पंचवीस मिनिटांत सहज तुटतें. म्हणजे जातां-येतां मिळून रोजचा दीड तास वांचला. असें असूनहि पुष्कळ घरीं सायकल भिंतीला टेकलेली असते आणि मुलगी एस. टी.ची वाट पाहत उभी असते, किंवा पुढें पुढें शाळेंतच जाईनाशी होते. याचें कारण विचारलें, तर बाप म्हणतो, "रस्ता बरा नाहीं, गुरुजी. एकटी कशी पाठवूं?" या उत्तरांतील महत्त्वाचा शब्द ‘रस्ता’ हा नसून ‘एकटी’ हा आहे. एकटेपणाची ही अडचण दूर करण्याचा जो उपाय जगांत ठिकठिकाणीं योजिला गेला, तो म्हणजे मिळून सायकली चालविण्याचा.

प्रथम एक भेद ध्यानांत घ्यावयास हवा. सायकलींची शर्यत निराळी, सायकलीवरील पर्यटन निराळें, आणि येथें ज्याचें वर्णन करावयाचें आहे ती सामुदायिक फेरी निराळी. शर्यतींत जो सर्वांत वेगवान तो श्रेष्ठ. पर्यटनांत जो दूर जाऊन आला तो श्रेष्ठ; १९२३ सालीं मुंबईहून निघून १९२८ सालीं जगप्रदक्षिणा पुरी करून परतलेले आदि हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भूमगरा हे पारशी तरुण त्या वर्गांतले. त्यांचा पराक्रम थोरच. पण तो ऐकून सामान्य माणूस टाळ्या वाजवितो आणि आपली सायकल पुन्हां भिंतीला टेकवितो. सामुदायिक फेरीचा हेतु याच्या नेमका उलट असतो. बाजार, शाळा, कचेरी अशा नित्याच्या कामांस सायकल नेतां येते, असें साध्या माणसास वाटावें, एवढीच तिची अपेक्षा. तेथें सर्वांत मंद चालणाराच सर्वांचा वेग ठरवितो.

पुणें शहराचा इतिहास या दृष्टीनें बोधप्रद आहे. एके काळीं ‘सायकलींचें शहर’ ही त्याची ख्याति होती. विद्यार्थी, कारकून, शिक्षक, छापखान्यांतील कामगार, दूधवाले, सारे सायकलीवरच असत; तासाच्या भाड्यानें सायकल देणारीं दुकानें पेठापेठांतून होतीं. स्त्रियाहि निःसंकोचपणें सायकल चालवीत. त्या काळीं सामुदायिक फेरी मुद्दाम काढण्याचें प्रयोजनच नव्हतें, कारण रोजची सकाळ हीच एक फेरी होती. पुढें मोटारसायकली, स्कूटरी आणि मोटारी वाढल्या, सायकली विरळ झाल्या. आणि जसजशा त्या विरळ झाल्या, तसतसें उरलेल्यांस रस्त्यावर राहणें कठीण होत गेलें. २०१७ सालीं महानगरपालिकेनें शहरासाठीं सायकल आराखडा मंजूर केला; त्याच वर्षाच्या अखेरीस ठिकठिकाणीं भाड्याच्या सायकली उभ्या करण्याची योजनाहि सुरू झाली. ती योजना टिकली नाहीं. यावरून एक धडा मिळतो: यंत्र उभें केल्यानें संवय लागत नाहीं. संवय माणसाला माणसाकडून लागते.

आतां मिळून जाण्यानें नेमकें काय साधतें, तें पाहूं.

पहिली गोष्ट सुरक्षिततेची. पीटर जेकबसेन या अमेरिकन अभ्यासकानें २००३ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. कॅलिफोर्नियांतील व डेन्मार्कमधील शहरें आणि युरोपांतील देश यांचे आंकडे ताडून त्यानें असें दाखविलें, कीं एखाद्या ठिकाणीं पायीं वा सायकलीनें जाणारांची संख्या दुप्पट झाली, तर अपघात दुप्पट होत नाहींत. ते सुमारें एक-तृतीयांशानेंच वाढतात. म्हणजे प्रत्येकाच्या वांट्यास येणारा धोका जवळजवळ एक-तृतीयांशानें घटतो. याचें कारण फार गूढ नाहीं. वाहन हांकणाराचा डोळा जें रोज पाहतो, तेंच त्यास चटकन दिसतें. ज्या रस्त्यावर आठवड्यांतून एखादी सायकल भेटते, तेथें ती अकस्मात् पुढें आल्यासारखी वाटते. जेथें वळणावळणाला सायकल भेटते, तेथें चालक वळणापूर्वींच वेग आवरतो. अर्थात् येथें एक सावधगिरी हवी. रस्ते सुरक्षित असले म्हणजेहि सायकली वाढतात; तेव्हां संख्या हें सुरक्षिततेचें कारण किती आणि परिणाम किती, याचा निवाडा एकट्या आंकड्यांवरून करतां येत नाहीं. संख्या वाढली म्हणून रस्त्याची दुरुस्ती नको, असा अर्थ तर कोणीं मुळींच काढूं नये.

दुसरी गोष्ट शिक्षणाची. रस्त्यावर सायकल चालविणें हें शास्त्र आहे. कडेच्या खडीपासून किती अंतर ठेवावें, वळण्यापूर्वीं हात केव्हां दाखवावा, उताराला आधीं मागचा ब्रेक कां लावावा, उभ्या मोटारीचें दार अचानक उघडेल याचा अंदाज कसा घ्यावा, हें अनुभवी माणसाच्या मागें चार वेळां गेल्यानें जसें शिकतां येतें, तसें उपदेशानें येत नाहीं. साखळी उतरली, ट्यूब फुटली, तर ठिगळ कसें लावावें, हेंहि नवशिका तेथेंच शिकतो.

तिसरी गोष्ट लोकलज्जेची. आणि खेडेगांवांत तीच सर्वांत मोठी. ‘सायकल म्हणजे गरिबीचें लक्षण’ अशी समजूत मोटारसायकलीच्या काळांत रुजली आहे. मोठ्या मुली व सासुरवाशिणी यांच्या बाबतींत तर ‘लोक काय म्हणतील’ हा प्रश्न टायर-ट्यूबपेक्षां महाग पडतो. एकटीला हंसणारे पुष्कळ भेटतात. पन्नासजणींना हंसण्याचें धैर्य मात्र सहसा कोणी करीत नाहीं.

याचा पुरावा तामिळनाडूंतील पुदुक्कोट्टै जिल्ह्यानें दिला आहे. १९९१ सालीं तेथें साक्षरतेची मोठी मोहीम सुरू झाली. तत्कालीन जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनीं साक्षरतेबरोबर स्त्रियांस सायकल शिकविण्याचाहि समावेश त्या मोहिमेंत केला. शेतमजूर स्त्रिया, खाणींत दगड फोडणाऱ्या बाया, परिचारिका, शिक्षिका अशा सर्व थरांतील स्त्रिया शिकूं लागल्या. १९९२ सालीं दीड हजारांहून अधिक स्त्रियांनीं एकत्र येऊन पुदुक्कोट्टै गांवांतून सायकलींची फेरी काढली, तेव्हां सारें गांव पाहतच राहिलें. पण खरें फळ फेरीनंतरचें होतें. पाणी आणणें, माल बाजारांत नेणें, मुलास शाळेंत पोहोंचविणें, या कामांसाठीं बसची अथवा घरांतील पुरुषाची वाट पाहण्याचें कारण उरलें नाहीं. उत्सव एका दिवसाचा. मोकळीक मात्र रोजची.

बिहारांत २००६ पासून माध्यमिक शाळेंतील मुलींस सायकलीसाठीं पैसे देण्यांत येऊं लागले. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनीं तिचा अभ्यास केला. त्यांत माध्यमिक वर्गांत योग्य वयांत दाखल होणाऱ्या मुलींचें प्रमाण ३२ टक्क्यांनीं वाढल्याचें आणि मुलगे व मुली यांमधील अंतर ४० टक्क्यांनीं कमी झाल्याचें आढळलें. हा लाभ मुख्यतः तीन किलोमीटर किंवा त्याहून दूर शाळा असलेल्या गांवांस झाला. गांवांतल्या मुली एकदमच सायकलीवर निघूं लागल्या, म्हणजे कोणतीहि एक वेगळी पडत नाहीं, हेंहि येथें विसरूं नये. महाराष्ट्रांतहि मानव विकास कार्यक्रमाखालीं मागास तालुक्यांतील मुलींस सायकली देण्यांत आल्या आहेत. सायकल देणें हें सरकारचें काम. मुलींना सोबत देणें हें गांवाचें.

परदेशांतील दाखलेहि पाहण्याजोगे आहेत. हॉलंड देश आज सायकलींचें माहेरघर समजला जातो. पण ही स्थिति आपोआप आलेली नाहीं. १९७१ सालीं तेथें रस्त्यांवर सुमारें ३,३०० माणसें मृत्यु पावलीं आणि त्यांत चारशेंहून अधिक मुलें होतीं. तेव्हां ‘मुलांची हत्या थांबवा’ या नांवाची चळवळ उभी राहिली. आईबापांनीं मुलांसह सायकली घेऊन रस्ते अडविले, गल्ल्या खेळासाठीं मोकळ्या करून दाखविल्या. कोलंबियाच्या बोगोटा शहरांत १९७४ पासून रविवारीं कांहीं रस्ते मोटारींस बंद ठेवून सायकलस्वार व पादचारी यांस देण्याची प्रथा पडली. आज ते रस्ते शंभर किलोमीटरांहून लांब आहेत. आपल्या देशांत गुडगांव येथें नोव्हेंबर २०१३ मध्यें ‘राहगीरी’ या नांवानें तसाच उपक्रम सुरू झाला. याच्या उलट, सॅन फ्रान्सिस्को येथें १९९२ पासून दर महिन्याच्या अखेरच्या शुक्रवारीं निघणाऱ्या फेरीनें स्फूर्तिहि दिली आणि रोषहि ओढवून घेतला. कारण तेथें पुढारी नसे, आणि सिग्नल मोडून वाहतूक खोळंबविल्याचे प्रसंग घडत. ज्यांच्या मनांत सायकलीविषयीं आदर उत्पन्न करावयाचा, त्यांनाच ताटकळत ठेवणें शहाणपणाचें नव्हे.

मग फेरीस शिस्त कोणती असावी? महाराष्ट्राला यासाठीं दूर जाण्याचें कारण नाहीं. दरवर्षीं तुकोबांची पालखी लोणी काळभोर, यवत, वरवंड या दौंडकडील वाटेनें पंढरीस जाते. त्या दिंडीची रचना डोळ्यांपुढें आणावी. पताका पुढें, टाळकरी रांगेनें, मध्यें वीणेकरी. कोणी कोणाला ओलांडीत नाहीं, म्हातारा मागें पडला तर दिंडी सावकाश चालते. नाशिकच्या सायकलपटूंनीं तर पंढरपूरपर्यंत सायकलवारीच सुरू केली. तोच नियम येथें लावावा. एक जाणता स्वार पुढें. वाट व वेग त्यानें ठरवावा. दुसरा जाणता सर्वांच्या मागें. त्याच्या मागें कोणी राहूं नये, आणि पंप, ठिगळें, पाने त्याच्याजवळ असावे. मोठ्या रस्त्यावर एकामागें एक जावें, दोन सायकलींत एका सायकलीइतकें तरी अंतर ठेवावें. थांबावयाचें तर रस्ता सोडून खालीं उतरून थांबावें. निघण्यापूर्वीं हवा, ब्रेक आणि घंटी ही तीन तपासून घ्यावीं. सीट इतकी उंच असावी, कीं पाडल खालीं असतां पाय जवळजवळ सरळ व्हावा. फेरीच्या शेवटीं चहा आणि गप्पा अवश्य असाव्या; कारण ओळख झाली म्हणजेच सोमवारीं सकाळीं कोणी कोणाला हांक मारतो.

पाबळसारख्या गांवीं याचें रूप शहराहून निराळें राहील. शिक्रापूरकडील पुणें-नगर रस्त्यावर कारखान्यांची अवजड वाहनें धांवतात. गळिताच्या हंगामांत उसाच्या ट्रॉल्या अंधारांत पुढें येतात. तेथें मुलांची फेरी नेणें योग्य नव्हे. वाडीपासून शाळेपर्यंतचा आंतला रस्ता निवडावा. एका ठरलेल्या वेळीं शेवटच्या वस्तीपासून एकदोन वडीलधाऱ्यांसह निघावें आणि वाटेंतील प्रत्येक वस्तीवरचीं मुलें सामील करून घेत शाळेंत पोहोंचावें. मागील मडगार्डवर चमकणारी पट्टी लावण्यास खर्च थोडा येतो. शाळेजवळ वाहनांचा वेग कमी करविणें, हें ग्रामसभेंत मागावें. वेग दुप्पट झाला, तर ब्रेक लागल्यावर गाडी थांबण्यास चौपट अंतर लागतें. हा गणिताचा नियम सरपंचांपासून ट्रॅक्टर हांकणाऱ्यापर्यंत सर्वांस समजेल असा आहे.

अशा फेऱ्यांविषयीं एक आक्षेप नेहमीं घेतला जातो: रविवारीं मिरवावें आणि सोमवारीं मोटारसायकलीला लाथ मारावी, याला अर्थ काय? आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच फेरीचें मोजमाप रविवारच्या गर्दीवरून करूं नये. महिन्याभरानें शाळेच्या आवारांत किती सायकली उभ्या आहेत, त्यांत मुलींच्या किती, हें मोजावें. ती संख्या वाढली तर फेरी सफल. नसेल तर तो एक करमणुकीचा कार्यक्रम झाला, इतकेंच.

दिंडीचें सामर्थ्य तिच्या टाळांच्या आवाजांत नसतें. ती गेल्यावर ज्या वाटेनें एकटा वारकरीहि निर्भयपणें जातो, ती वाट घडविण्यांत तें असतें. भिंतीला टेकलेली सायकल ज्या दिवशीं एकटी मुलगी उचलून शाळेस निघेल, आणि बाप दारांतून फक्त ‘संभाळून जा’ एवढेंच म्हणेल, त्या दिवशीं सायकलींच्या दिंडीचें काम पुरें झालें असें समजावें.