खाऊचा खोका कोणत्या पत्त्यावर?

दिवाळीच्या महिना-दीड महिना आधीपासूनच आपल्याकडच्या अनेक घरांत एक वेगळी लगबग सुरू होते. चकल्या मोडू नयेत म्हणून खोक्याच्या तळाशी कागदाचे बोळे बसतात, चिवड्याची पिशवी दोनदा बांधली जाते, लाडवांना वेगळा डबा मिळतो. हा फराळ साता समुद्रापार निघालेला असतो. तो भरणाऱ्या आजीला सगळे ठाऊक असते. नातवाला शेंगदाणे चालत नाहीत, नातीच्या परकराची उंची यंदा चार बोटे वाढवायला हवी आणि त्या आठवड्यात मंडळी घरी आहेत की सहलीला, हेसुद्धा! म्हणूनच आजीचा खोका सहसा चुकत नाही.

पण ज्या मुलाला आपण कधी पाहिलेले नाही, त्याच्यासाठी खोका भरायचा झाला तर?

पाश्चात्त्य देशांत नाताळच्या आधी लाखो कुटुंबे असा खोका भरतात. १९९० साली वेल्समधल्या रेक्सम गावच्या डेव्हिड आणि जिल कुक या दांपत्याने रुमानियातल्या अनाथाश्रमांतील मुलांसाठी भेटवस्तू नेल्या. त्यातून 'ऑपरेशन ख्रिसमस चाइल्ड' हा उपक्रम उभा राहिला आणि १९९३ मध्ये तो अमेरिकेतल्या 'समॅरिटन्स पर्स' या ख्रिस्ती संस्थेने हाती घेतला. खोका कसला, तर बुटांचा रिकामा खोका! असे वीस कोटींहून अधिक खोके आजवर जगभर गेले आहेत. भेटीबरोबर धर्मप्रसार कशाला, एवढ्या दूर वस्तू वाहून नेण्यापेक्षा त्या तिथल्याच बाजारात का घेऊ नयेत, असे आक्षेपही या उपक्रमावर घेतले गेले. ते विचार करण्याजोगे आहेत. पण त्यातली शिस्त मात्र घेण्यासारखी आहे. मूल मुलगा की मुलगी आणि वय दोन ते चार, पाच ते नऊ की दहा ते चौदा, हे खोक्यावर आधी लिहायचे. वापरलेली वस्तू नको, सांडणारी-फुटणारी नको, खेळण्यातली बंदूकही नको. आणि एक वस्तू तरी अशी हवी, की झाकण उघडताच मुलाचे डोळे चमकावेत.

आपल्याकडे हीच भावना दिवाळीत जागी होते. 'एक डबा फराळ, एक नवा कपडा' अशी हाक येते आणि माणसे मोकळ्या हाताने देतात. मात्र बीड जिल्ह्यातल्या एखाद्या मुलासाठी असा खोका पाठवायचा असेल, तर आत काय भरायचे याच्या आधी दुसरा प्रश्न विचारावा लागतो. दिवाळीत ते मूल असेल कुठे?

बालाघाटच्या डोंगररांगांतल्या या जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसे ऊसतोडीला बाहेर पडतात. शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, धारूर, वडवणी, केज या तालुक्यांत कोरडवाहू शेतीवर वर्ष निघत नाही. नवरा-बायकोच्या जोडीला इथे 'एक कोयता' म्हणतात. मुकादमाकडून आधीच घेतलेली 'उचल' फेडण्यासाठी हा कोयता दसऱ्यानंतर, दिवाळीच्या आगेमागे, पश्चिम महाराष्ट्राच्या नाहीतर कर्नाटकातल्या कारखान्याकडे निघतो. ट्रॅक्टरमध्ये भांडी, पांघरुणे, शेळी आणि त्यांच्याबरोबर मुलेही चढतात. मग पाच-सहा महिने घर म्हणजे कारखान्याच्या आवारातली नाहीतर शेताच्या कडेची कोपी. आई-वडील पहाटेच्या अंधारात फडात जातात. मागे मोठी बहीण धाकट्याला सांभाळते, हाताशी आलेले पोर वाढ्यांच्या मोळ्या बांधू लागते. गावातल्या शाळेच्या हजेरीपटावर त्याचे नाव असते, पण दुसऱ्या सत्रातली त्याची जागा रिकामी राहते.

अशा वेळी आपला सुंदर बांधलेला खोका ऐन दिवाळीत गावात पोचला, तर त्याला दाराला लावलेले कुलूप भेटते.

सगळीच मुले जातात असे नाही. काही आजी-आजोबांजवळ राहतात. काहींसाठी गावच्या शाळेत हंगामी वसतिगृह चालते. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी राज्य सरकारने २०२१ मध्ये संत भगवान बाबा वसतिगृह योजना मंजूर केली. त्यात ४१ तालुक्यांत मुलांचे एक आणि मुलींचे एक अशी ८२ वसतिगृहे ठरली. शिरूर कासार तालुक्यातल्या आर्वीला दीपक आणि कावेरी नागरगोजे यांचे 'शांतिवन' आहे. ऊसतोड कामगारांची आणि आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांची मुले तिथे राहून शिकतात. या मुलांचा पत्ता दिवाळीत बदलत नाही, पण आई-वडिलांचा बदललेला असतो. सणाच्या दिवशी ती कोणाची वाट पाहत असतील, हे सांगायला नको.

म्हणून खोका आपल्या सणाच्या नव्हे, त्या मुलाच्या पंचांगाप्रमाणे पाठवावा. त्यात तीन मुहूर्त दिसतात. पहिला जूनचा. शाळा उघडते, पण हंगामाचा पैसा तोवर संपत आलेला असतो. तेव्हा दप्तर, वह्या, कंपासपेटी, रेनकोट पाठवावा. दुसरा दसऱ्याच्या आधीचा. आई-वडिलांबरोबर निघणाऱ्या मुलाला तेव्हा स्वेटर, कानटोपी, घट्ट झाकणाची पाण्याची बाटली, छोटी विजेरी आणि गोष्टींची दोन पुस्तके दिली, तर ती त्याच्याबरोबर कोपीवर जातील. तिसरा मुहूर्त संक्रांतीचा. दिवाळीत वसतिगृहांची आठवण पुष्कळांना होते. जानेवारीच्या थंडीत, आई-वडील परतायला अजून दोन-तीन महिने असताना आलेली तिळगुळाची पुडी फार मोलाची.

आत काय भरावे? आजीची कसोटी इथेही लावावी. कपडा अंदाजाने न घेता माप विचारून घ्यावा. शाळकरी मुलीला वेणीच्या रिबिनी, कंगवा, नेलकटर लागते. मोठ्या मुलींसाठी सॅनिटरी पॅडची पाकिटे न लाजता ठेवावीत. खाऊ असा असावा, की प्रवासात वितळणार नाही आणि वासाच्या साबणाशेजारी बसून बाटणार नाही. डोळे चमकवणारी वस्तू विसरू नये. चेंडू, दोरीच्या उड्यांची दोरी, रंगपेटी, भिंग. गरजेच्या वस्तू देताना मूल मूलच असते, हे आपण विसरतो. आणि वर एक चिठ्ठी, स्वच्छ अक्षरातली. उपदेश नको. आपल्या घरी कोण कोण आहे, आपल्या मुलाला कोणता खेळ आवडतो, एवढेच लिहावे.

दोन पथ्ये मात्र कटाक्षाने पाळावीत. पहिले मोजणीचे. वसतिगृहात चाळीस मुले असताना पंचवीस खोके गेले, तर आपण पंधरा मुलांना नवे दुःख देतो. त्यापेक्षा खोका लहान करावा, पण संख्या पुरी करावी. दुसरे पथ्य छायाचित्राचे. हातात खोका देऊन मुलाला रांगेत उभे करण्याचा मोह टाळावा. आजी आपल्या नातवाकडे पुरावा मागत नाही.

खोक्याने ऊसतोड थांबणार नाही. मजुरीचा दर, उचलीचे ओझे, गावात मिळणारे काम आणि वर्षभर चालणारे वसतिगृह, हे प्रश्न खोक्यात मावत नाहीत. तसा दावाही कोणी करू नये. पण खोका नीट भरायला बसलेल्या घराला ते प्रश्न कळू लागतात. 'आई, ही मुलं दिवाळीत घरी का नसतात?' असे आपल्याच मुलाने विचारले, की उत्तर देताना आपल्या चहातल्या साखरेपर्यंत यावे लागते.

तेव्हा या वर्षी कागद, दोरा आणि कात्री काढण्याआधी गावच्या मुख्याध्यापकांना किंवा संस्थेला एक फोन करावा. मुले किती, वये काय, मापे काय आणि कोणत्या महिन्यात कोण कुठे असेल, हे लिहून घ्यावे. खोका भरायला त्यानंतर एक संध्याकाळ पुरते.