पांझरा काठची फड पद्धत : मोटारीशिवाय टेलपर्यंत पाणी कसं पोहोचायचं?

उन्हाळा लागला की अमळनेर तालुक्यातल्या पांझरा काठच्या गावांत एकच चौकशी सुरू होते : अक्कलपाड्याचं आवर्तन कधी सुटणार? मांडळ, मुडी ही गावं नदीच्या अगदी खालच्या अंगाला आहेत. इथून पुढे निम आणि मुडावदजवळ पांझरा तापीला मिळते. धरण मात्र वर, साक्री तालुक्यात. मधल्या पट्ट्यात काठाकाठानं मोटारी बसवलेल्या. त्यामुळे आवर्तन सुटलं तरी पाणी टेलला येईलच याची खात्री नसते. नदीत सोडलेलं पाणी खालच्या गावांपर्यंत पोहोचावं म्हणून काठावरच्या मोटारींची वीज बंद ठेवण्याची वेळ राज्यात अनेक ठिकाणी येते.

याच नदीच्या वरच्या आणि मधल्या टप्प्यात, साक्री आणि धुळे तालुक्यांत, एक पद्धत पिढ्यानपिढ्या चालत होती. तिच्यात मोटार नव्हती, वीज नव्हती, आणि बराच काळ सरकारी खातंही नव्हतं. तिचं नाव फड.

फड म्हणजे नेमकं काय?

तमाशाचा फड, कुस्तीचा फड, उसाचा फड हे शब्द सगळ्यांना माहीत आहेत. इथे फड म्हणजे शेतजमिनीचा मोठा सलग पट्टा. नदीत दगडी बंधारा घालायचा, त्याच्या एका अंगानं पाट काढायचा, पाटातून चाऱ्या आणि चाऱ्यांतून शेतापर्यंत छोटे दांड. जास्तीचं पाणी बाहेर काढायला सांडवे. सगळं पाणी उतारानं वाहणार. पांझरेवर, तसंच नाशिक जिल्ह्यातल्या मोसम आणि आरम या नद्यांवर असे बंधारे आहेत. ही पद्धत तीन-चारशे वर्षं जुनी असल्याचं अभ्यासक मानतात.

बंधारे देशात सगळीकडे बांधले गेले. फडाचं वेगळेपण पाण्याच्या नियमांत आहे.

बंधाऱ्याखालची बागायत जमीन साधारण चार फडांत वाटलेली असे. एक फड सरासरी 100 ते 125 हेक्टरचा, काही त्याहून बरेच लहान. कोणत्या फडात काय लावायचं हे दरवर्षी शेतकरी मिळून ठरवत आणि एका फडात एकच पीक घेतलं जाई. समजा एका फडात ऊस, दुसऱ्यात गहू, तिसऱ्यात हरभरा, आणि चौथा पडीक. पुढच्या वर्षी हे फिरवायचं.

‘माझ्या शेतात मी काय लावू हे गाव कोण ठरवणार?’ असा प्रश्न आज कुणीही विचारेल. पण पाण्याच्या हिशेबानं बघा. उसाला जवळपास वर्षभर, ठरावीक दिवसांनी पाणी लागतं. गव्हाला पाच-सहा पाळ्या पुरतात, हरभऱ्याला त्याहून कमी. एकाच चारीवर ही तिन्ही पिकं शेजारी-शेजारी असली तर एकट्या उसासाठी अख्खी चारी वाहती ठेवावी लागते, वाटेत पाणी मुरतं आणि उसाचा पाझर हरभऱ्यात जाऊन तो जळतो. एका फडात एकच पीक असेल तर चारी ठरल्या दिवशी सुटते, ठरल्या दिवशी बंद होते. शिवाय फड आलटून-पालटून पडीक राहिल्यानं काळी जमीन चोपण होण्याचा धोका कमी राहतो. आज कालव्याखालच्या उसाच्या पट्ट्यात हजारो एकर जमीन चोपण झालेली दिसते, तेव्हा या नियमाची किंमत कळते.

टंचाईचा नियम तर आणखी पुढचा. बहुतेकांच्या जमिनीचे तुकडे वेगवेगळ्या फडांत विखुरलेले असायचे. नदीला पाणी कमी असेल त्या वर्षी अख्खा एक फड सोडून द्यायचा. त्यात प्रत्येकाचा थोडा तुकडा असल्यामुळे नुकसान सगळ्यांच्या वाट्याला थोडं-थोडं येई. हेडचा शेतकरी तरला आणि टेलचा बुडाला, असं होत नसे. जमिनीचे विखुरलेले तुकडे ही आपल्याकडे कायम शेतीची अडचण मानली गेली. फडात तोच विमा होता.

शेतकरी पाण्याला हात लावत नसे

आपल्या शेताला पाणी देण्याचं काम शेतकरी स्वतः करत नव्हता. पाटावर देखरेख ठेवायला पाटकरी, त्याच्या वर हवालदार, आणि प्रत्यक्ष शेतात बारं द्यायला जागल्या किंवा बारेकरी असे. कोणत्या वाफ्यात किती पाणी गेलं हे तोच बघणार. त्यामुळे रात्री गुपचूप चारी फोडायचं कारणच उरत नाही. या माणसांचा मोबदला शेतकरी पिकाच्या वेळी धान्यात देत, म्हणजे ते बांधील होते शेतकऱ्यांना. पाटातला गाळ काढायचा तर ज्याची जितकी जमीन तितकी मेहनत.

अमेरिकी अभ्यासक एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना 2009 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते साधारण याच विषयासाठी. सामायिक पाणी, कुरण, जंगल टिकवायचं तर सरकारी मालकी किंवा खासगी मालकी असे दोनच मार्ग आहेत, हा समज त्यांनी खोडला. वापरणाऱ्यांनीच नियम केले आणि राखणदार त्यांनाच उत्तरदायी असला तर अशा व्यवस्था शतकानुशतकं टिकतात, हे त्यांनी 1990 च्या पुस्तकात दाखवलं. त्यात स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाचे कालवे आहेत. तिथलं शेतकऱ्यांचं पाणी न्यायालय आजही दर गुरुवारी चर्चच्या दारात भरतं.

फडाला सुवर्णयुग वगैरे म्हणायची मात्र गरज नाही. पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला होता. ज्याच्या नावावर फडात जमीन नाही त्याला वाटा नाही. खानदेशात जागल्याचं काम बऱ्याचदा भिल्ल समाजाकडे असे. म्हणजे पाणी फिरवणाऱ्याचं स्वतःचं शेत त्या पाण्याखाली असेलच असं नव्हतं.

मग मोडलं कुठे?

बंधाऱ्यांची भिस्त पावसाळ्यानंतरही वाहणाऱ्या नदीवर होती. वर लाटीपाडा, नंतर अक्कलपाडा अशी धरणं झाली आणि नदीचं वाहणं धरणाच्या दरवाजावर आलं. दुसरीकडे विहिरी आणि विजेच्या मोटारी आल्या. ज्याच्याकडे विहीर, त्याला फडाच्या बैठकीची गरज उरली नाही. तो सोडलेल्या फडातही ऊस लावू शकत होता. त्याच्या विहिरीला पाणी होतं ते बऱ्याच अंशी पाट झिरपत होता म्हणून, ही गोष्ट वेगळी. जमिनीच्या वाटण्या आणि विक्रीनं तुकड्यांची जुनी मांडणीही विस्कटली. काही गावांत फड अजून चालतात, पण आक्रसलेले.

साक्री तालुक्यातच बारीपाडा हे कोकणा आदिवासींचं छोटं गाव आहे. इथे गोष्ट उलट्या दिशेनं घडली. जंगल उजाड झालं, विहिरी आटल्या, तेव्हा नव्वदच्या दशकात गावानं स्वतःचे नियम केले : तोडीवर बंदी, मोडणाऱ्याला दंड, राखणीला गावचीच माणसं. चारशेहून जास्त हेक्टर जंगल उभं राहिलं, विहिरींना पाणी आलं. या कामात पुढे असलेल्या चैत्राम पवार यांना 2025 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. गावात दरवर्षी रानभाज्यांची पाककला स्पर्धाही भरते. फड जुना आणि बारीपाडा नवा, पण राखणदार गावाला बांधील हे सूत्र दोन्हीकडे एकच.

कायद्यात काय आहे?

महाराष्ट्रानं 2005 मध्ये सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देण्याचा कायदा केला. त्यानुसार पाणी वापर संस्थेला पाणी मोजून मिळतं आणि त्या कोट्यात कोणतं पीक घ्यायचं याची मोकळीक शेतकऱ्याला असते. फडानं नेमकी हीच मोकळीक काढून घेतली होती. आजच्या शेतकऱ्याला ती परत द्यायला सांगणं सोपं नाही, बाजारात कशाला भाव मिळेल हे गाव ठरवत नसताना तर नाहीच.

खालच्या पांझरेवर अडचण आणखी वेगळी आहे. आवर्तन नदीपात्रातूनच येतं, पाटानं नाही, त्यामुळे पाटकऱ्यानं उभं राहायचं कुठे हाच प्रश्न. उपसा सिंचन करणाऱ्यांची पाणी वापर संस्था काढायची सोय कायद्यात आहे. तशी संस्था झाली तर पहिल्याच बैठकीत, आवर्तन चालू असताना कुणाची मोटार किती तास चालणार आणि मोडणाऱ्याला दंड कोण करणार, हे ठरवावं लागेल.