वर्षातून एकदा कामावर जाणारी मोटार

रत्नागिरीत एकच राजा येऊन राहिला, आणि तोही कैदी. ब्रह्मदेशच्या थिबाला इंग्रजांनी 1886 साली इथे आणून ठेवलं, 1910 मध्ये त्याचा राजवाडा बांधून झाला आणि 1916 साली तो इथेच वारला. बाकी मुलूख कलेक्टरचा. दरबार नाही, लवाजमा नाही, त्यामुळे संस्थानिकांकडे असायची तशी मोटारींची पागाही नाही. जुनी शाही मोटार चालताना बघायची हौस असेल तर रत्नागिरीकराने सरळ घाट चढावा: हातखंबा, पाली, साखरपा, आंबा घाट, मलकापूर, कोल्हापूर. दिवस कुठला, हाही प्रश्न नाही. दसरा.

दसरा चौकात दुपारपासून माणूस दाटतो. अंबाबाईची पालखी येते, भवानीची येते, बँड वाजत असतो, आणि मग नव्या राजवाड्याकडून भगव्या रंगाची मेबॅक येते. राजाराम महाराजांनी 1930च्या दशकात ही जर्मन मोटार घेतली. महाराज 1940 मध्ये गेले, संस्थान पुढे विलीन झालं, तनखे बंद झाले, तरी दसऱ्याला छत्रपती घराणं आजही याच गाडीतून येतं. टप उघडा, त्यामुळे आत कोण बसलंय ते मागच्या रांगेतल्या पोरालाही दिसतं. शमीपूजन होतं, बंदुकीच्या फैरी झडतात आणि आपट्याच्या पानांवर एकच झुंबड उडते. बंदोबस्तातले पोलीससुद्धा दोन पानं खिशात घालतात.

गर्दीतल्या निम्म्यांना ही मोटार कुठली ते ठाऊक नसतं. त्यांच्या लेखी ती ‘महाराजांची गाडी’, एवढं पुरे. पण तिचं कूळ मोठं आहे. मेबॅक ही मुळात इंजिनवाली मंडळी. बाप विल्हेल्म, मुलगा कार्ल. त्यांनी 1909 साली कारखाना काढला तो झेपेलिन विमाननौकांना इंजिनं पुरवायला. 1929 साली जगाला फेरी घालून आलेल्या ‘ग्राफ झेपेलिन’ला त्यांचीच पाच इंजिनं होती. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीवर विमानं बनवायला बंदी आली आणि हातात कसब असलेले हे लोक 1921 पासून मोटारींकडे वळले. दोन दशकांत गाड्या किती काढल्या? जेमतेम अठराशे. कारखाना सहसा नुसती चेसिस आणि इंजिन द्यायचा. अंगावरचा पत्रा, गाद्या, टप हे सगळं गिऱ्हाइकाच्या पसंतीने बाहेरचे बॉडीवाले चढवायचे. त्यामुळे एक मेबॅक दुसरीसारखी सापडणं कठीण. दुसऱ्या महायुद्धात हाच कारखाना रणगाड्यांची इंजिनं करू लागला आणि मोटारींचं प्रकरण संपलं.

मला या गाडीचं कौतुक वाटतं ते तिच्या किमतीमुळे नव्हे. मुंबईत दरवर्षी जुन्या गाड्यांची रॅली निघते, फोर्टातून झोकात गाड्या सुटतात, मालक जुन्या थाटाची टोपी घालून हात हलवतात. बघायला मजा येते, नाही असं नाही. पण तिथे गाडी निघते ती बघितली जावी म्हणून. कोल्हापुरात ती कामावर निघते. ठरलेला दिवस, ठरलेला रस्ता, आणि त्या संध्याकाळी ती बंद पडली तर हजारो लोकांसमोर बंद पडणार.

आणि हे काम वाटतं तितकं सोपं नाही. ऐंशी-नव्वद वर्षांच्या इंजिनाला वेगापेक्षा रांगण्याचा त्रास जास्त. माणसांच्या गर्दीत चालीच्या वेगाने जायचं म्हणजे रेडिएटरला वारा लागत नाही, पाणी तापतं, पेट्रोलची नळी गरम होऊन आतल्या आत वाफ धरते आणि गाडी आचके द्यायला लागते. शिवाय वर्षभर उभी असलेली गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर म्हातारी होते. टायर एकाच जागी बसतात, पेट्रोलचा राळेसारखा चिकटा कार्बोरेटरच्या बारीक भोकांत अडकतो, ब्रेकची रबरं कडक होतात. म्हणून अशा गाड्या अधूनमधून सुरू करून थोड्या फिरवाव्या लागतात. नुसतं पुसून ठेवून भागत नाही.

देशावर हे जमतं. खाली कोकणात पहिला शत्रू हवा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि उरलेले आठ महिने खारा वारा. मिठाचा दमटपणा पत्र्याच्या जोडांत शिरतो आणि आतून खायला लागतो. वरून रंग तुळतुळीत दिसतो. मिस्त्री दाराच्या खालच्या कडेला स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टेकवतो, जरा दाबतो आणि ते आरपार जातं. मग तो काहीच बोलत नाही, फक्त मालकाकडे बघतो. पत्रा कापून नवा लावायचा, वर लांबी भरायची, रंग मारायचा, आणि तीन पावसाळ्यांनी पुन्हा तेच. पोटाला जळकं ऑइल फासणं हा गरिबाचा उपाय, आणि तो चालतोही.

राजेशाही गाड्या नसल्या तरी घराघरात आठवण आहे ती फियाटची. मुंबईला कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात 1954 पासून फियाट 1100 बनू लागली. 1974 मध्ये तिचं ‘पद्मिनी’ नाव पडलं. चाकरमान्यांच्या मुंबईत टॅक्सी म्हणजे तीच, काळी-पिवळी, आणि तिथलं शेवटचं पर्व ऑक्टोबर 2023 मध्ये संपलं. केंद्राच्या जुलै 2021च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, मूळ ठेवणीत मोठे बदल न केलेली, धंद्याला न लावलेली दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ ठरते. टॅक्सीला त्यात वाव नाही, पण कोणा डॉक्टरांची किंवा वकिलांची घरगुती गाडी बसते. म्हणजे 1974ची पद्मिनी आता त्या वयाची झाली.

नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं, मुदत दहा वर्षं. एवढं करून गाडी रोज बाजाराला न्यायची सोय नाही. रॅली, प्रदर्शन, तांत्रिक अभ्यास, इंधन भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यांसाठीच ती रस्त्यावर काढता येते. रत्नागिरीच्या मालकाला मुंबईची रॅली गाठायची तर सव्वातीनशे किलोमीटरच्या वर अंतर, वाटेत कशेडी घाट आणि वर्षानुवर्षं अर्धवट पडलेला गोवा हायवे. त्यामुळे नियमात राहून त्याला दोनच ठिकाणं नेहमीची उरतात, पेट्रोल पंप आणि गॅरेज.