हलक्या दाबाचा टर्बो आणि घाटातली ओढ

सौंसरहून छिंदवाड्याकडे निघालं की सिलेवानीचा घाट लागतो. गाडीत सात-आठ माणसं, टपावर सामान, पुढे रेंगाळणारा ट्रक आणि समोर चढाचं वळण. चालक दुसरा गिअर टाकतो. इंजिन असतं जेमतेम दीड हजार आरपीएमवर, आणि ताकद नेमकी तेव्हाच हवी असते. इथे गाडी ओढते की दम टाकते, हे टर्बोच्या जातीवर ठरतं.

धुराड्यातून वाया जाणाऱ्या वायूवर टर्बोची चक्की फिरते आणि सिलिंडरमध्ये जास्तीची हवा कोंबते. हवा जास्त म्हणजे इंधन जास्त जळणार आणि जोर वाढणार. १९०५ मध्ये स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी या कल्पनेचं पेटंट घेतलं. मोठ्या टर्बोला वेग घ्यायला बराच वायू लागतो. त्यामुळे पाय दाबल्यावर गाडी आधी थबकते आणि मग एकदम उसळते. हलक्या दाबाचा टर्बो छोटा असतो. वातावरणाच्या दाबावर तो साधारण ०.३ ते ०.५ बारचीच भर घालतो, पण थोड्या वायूवरही चटकन जागा होतो. स्वीडनच्या साब कंपनीने पेट्रोल गाड्यांत हा मार्ग मनापासून स्वीकारला. १९९७ च्या साब ९-५ मधलं २.३ लिटरचं असं इंजिन १७० अश्वशक्तीचं होतं, आणि त्याचा २८० न्यूटन-मीटरचा पूर्ण टॉर्क १८०० आरपीएमलाच मिळे.

आपल्या रस्त्यांवर याच स्वभावाचं डिझेल इंजिन पाहायचं तर नाशिकला बनणारी महिंद्रा बोलेरो पाहावी. तिचं जुनं २५२३ सीसीचं एमटूडायसीआर इंजिन ६३ अश्वशक्तीचं होतं. टर्बो असूनही एवढंच? कागदावर आकडा किरकोळ वाटतो. पण टॉर्क पाहा: १९५ न्यूटन-मीटर, तोही १४०० ते २२०० आरपीएमपर्यंत सपाट. हिशेब मांडला तर १४०० लाच सुमारे ३९ अश्वशक्ती हाताशी येते आणि २२०० ला ६१. पुढचे हजार आरपीएम ताणून भर पडते ती फक्त दोनची. म्हणजे या इंजिनाची जवळजवळ सगळी कमाई २२०० आरपीएमच्या आतच आहे. लोड घेऊन चढणाऱ्याला याहून वेगळं काय हवं?

२०१६ च्या बोलेरो पॉवर प्लसमध्ये इंजिन आलं १४९३ सीसीचं, तीन सिलिंडरचं. टॉर्क मात्र तोच १९५, त्याच १४०० ते २२०० मध्ये. जुन्या इंजिनात लिटरमागे ७७ न्यूटन-मीटर पडत होते, नव्यात १३१. हवा जास्त कोंबल्याशिवाय हे होत नाही. जुनं इंजिन आकाराच्या बळावर निवांत काम करायचं. नवं छोटं आहे, म्हणून त्याच्या टर्बोवर भार अधिक आहे.

याची किंमत वरच्या आरपीएमला मोजावी लागते. छोट्या टर्बोतून जास्तीचा वायू जात नाही, तो बाजूच्या झडपेतून सोडावा लागतो. नागपूर-बैतूल महामार्गावर पांढुर्ण्याजवळ भरवेगात ओव्हरटेक करताना ही उणीव जाणवते. पण २०२३ मध्ये जिल्हा झालेल्या या मुलखाची रोजची धाव संत्र्याच्या बागा, बाजार, जामसावळीच्या हनुमानाचं दर्शन आणि घाट अशीच आहे. तिथे ती उणीव क्वचितच आड येते.

टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो, तोही तेलाच्या पातळ थरावर. म्हणून घाट चढून आल्याबरोबर इंजिन बंद करू नका, मिनिटभर तसंच चालू ठेवा. ऑइल वेळेवर बदला आणि धुळीच्या दिवसांत एअर फिल्टर तपासत राहा. नवी गाडी घ्यायला जाल तेव्हा शोरूममध्ये अश्वशक्तीच्या आधी एकच विचारा: पूर्ण टॉर्क किती आरपीएमला मिळतो? घाटाच्या माणसासाठी तोच आकडा खरा.