साखर डब्यातली आणि पुड्यातली

आमच्या भागात साखर ही विकत आणायची चीज नव्हतीच. दिवाळी आली की कारखान्याकडून सभासदांना सवलतीच्या दरात साखर मिळायची. ती घरी पोत्याने यायची. कृष्णाकाठच्या कितीतरी गावांत अजूनही असंच चालतं. ज्या घराच्या कोपऱ्यात साखरेचं पोतं उभं आहे, तिथे चहात दोन चमचे की तीन, हे कोण विचारतो? उलट पाहुण्याला बेताचा गोड चहा दिला, तर यजमानाने हात आखडता घेतला असं गावभर होतं.

मी सहकारी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट होतो. निवृत्तही तिथूनच झालो. त्यामुळे मी साखर कमी करा म्हणायला लागलो की पारावरची मंडळी हसतात. ‘आयुष्यभर जिच्यावर पोट भरलं, तिच्यावरच उलटलास होय रे?’ हसू देत. साखर तयार होताना ज्याने रोज पाहिली, त्याला तिच्याविषयी ना भक्ती उरते ना भीती.

हंगामात आमचं काम सोपं पण न थांबणारं. तासातासाला रसाचे नमुने यायचे, त्यांचा ब्रिक्स आणि पोल काढायचा, म्हणजे रसात विरघळलेले पदार्थ किती आणि त्यात साखर किती ते पाहायचं. रसात चुना आणि गंधकाचा धूर सोडून गाळ खाली बसवायचा, निवळलेला रस आटवायचा, पॅनमध्ये त्याला दाणा धरायला लावायचा आणि गरगर फिरणाऱ्या मशीनमध्ये मळी बाजूला काढायची. एक टन ऊस गाळला की शंभर-एकशेदहा किलो साखर हाती लागते. ती ९९ टक्क्यांहून शुद्ध सुक्रोज असते. दुकानदार ‘एस-३०’, ‘एम-३०’ म्हणतो, तो दाण्याचा आकार आणि रंग. चवीशी त्याचा संबंध नाही.

म्हणून ‘पांढरं विष’ वगैरे मी कधी म्हणत नाही. सुक्रोज म्हणजे अर्धं ग्लुकोज, अर्धं फ्रुक्टोज. गंधकाने ती विषारी होते असंही नाही. तिच्यात ऊर्जा सोडून दुसरं काहीच नाही, आणि आपण ती फार खातो, एवढाच तिचा दोष.

फार म्हणजे किती? देशात वर्षाला साधारण २८० लाख टन साखर खपते. १४० कोटींनी भागलं तर माणशी २० किलोच्या घरात, म्हणजे रोजची ५५ ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराची जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत वरून घातलेल्या साखरेची मर्यादा रोजची २५ ग्रॅम सांगितली आहे. घरातल्या छोट्या चमच्याने पाच-सहा चमचे. दिवसाचे तीन चहा आमच्या पद्धतीने घेतले की हिशेब तिथेच संपला. भारतात मधुमेह असलेले सुमारे १० कोटी आणि त्या उंबरठ्यावर असलेले आणखी १३ कोटींहून जास्त लोक आहेत, असं २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत आढळलं. एकटी साखर त्याला कारण नाही. वजन, बसून राहणं, अनुवंश, भाताचे डोंगर हे सगळं आहे. पण साखर त्या यादीत आहे.

आता इथे लोक गुळाकडे पळतात. ‘आम्ही साखर बंद केली, सगळं गुळाचं.’ कोल्हापूरच्या गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि मला त्याचा अभिमान आहे. गुऱ्हाळावर रस काहिलीत उकळत असताना भेंडीचा चिकट रस टाकून मळी वर आणायची, गुळव्याने पाक बोटावर घेऊन थंड पाण्यात बुडवून पाहायचा, मग काहील वाफ्यात रिकामी करायची, हे कसब बघण्यासारखं असतं. तरीही ढेपेत ७० ते ८५ टक्के सुक्रोजच असतं, शिवाय थोडं ग्लुकोज-फ्रुक्टोज आणि ओलावा. लोह असतं खरं, पण गुळातून ते पुरेसं मिळवायचं म्हटलं तर आधी डॉक्टर गाठावा लागेल. मधुमेहवाल्या माणसाने गुळाचा चहा बिनधास्त पिणं म्हणजे शुद्ध फसवणूक. आणि पिवळाधमक गूळ बघून भुलू नका. रंग उजळायला हायड्रॉस नावाचं रसायन वापरतात. तपकिरी, जरासा काळपट गूळ दिसायला वाईट असला तरी बहुधा बरा.

हे झालं डब्यातल्या साखरेचं. माझं म्हणणं वेगळंच आहे. आमच्या गोदामातून ट्रक भरताना कुणाचं नाव येतं हे आम्ही बघायचो. देशात विकली जाणारी निम्म्याहून जास्त साखर घरच्या डब्यात येतच नाही. ती बिस्किटं, शीतपेयं, आइस्क्रीम, मिठाई, चॉकलेट करणारे उचलतात. शीतपेयवाल्यांना तर साधी साखर चालत नाही. गंधकाचा अंश नको, रंग जवळजवळ शून्य हवा, म्हणून रिफाइंड साखर वेगळी तयार होते. आपण चहातल्या अर्ध्या चमच्यावरून घरात भांडतो आणि ही सगळी साखर पाठच्या दाराने आत येते. डब्यातली साखर दिसते, मोजता येते. पुड्यातली मोजायला चष्मा लागतो.

एक दिवस नातवाला घेऊन मी स्वयंपाकघरातले पुडे आणि बाटल्या मांडून बसलो. त्याला ‘डिटेक्टिव्ह’ व्हायचं होतं, मला वाचायला तरुण डोळे हवे होते. टोमॅटो सॉसच्या बाटलीमागे घटक होते: पाणी, साखर, टोमॅटोची पेस्ट, मीठ, मग आकडे. आपल्याकडे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. म्हणजे त्या बाटलीत टोमॅटोच्या पेस्टपेक्षा साखर जास्त. नातू म्हणाला, ‘आबा, मग हा साखरेचा सॉस झाला की!’ मी काही बोललो नाही, त्याने पुढची बाटली उचलली.

या क्रमावर मात करायची युक्तीही असते. साखर, इन्व्हर्ट सिरप, लिक्विड ग्लुकोज, माल्टोडेक्स्ट्रिन, डेक्स्ट्रोज अशी वेगवेगळी नावं वेगवेगळ्या जागी टाकली की एकही पहिल्या नंबरावर येत नाही. केमिस्टच्या नजरेतून ही सगळी एकाच घरची भावंडं. दुसरी युक्ती ‘प्रति सर्व्ह’ची. बिस्किटांचा आकडा दोन-तीन बिस्किटांसाठी छापलेला असतो. तीनवर थांबणारं पोर मी पाहिलेलं नाही. त्यामुळे नेहमी १०० ग्रॅमचा रकाना बघायचा. त्यात ‘ॲडेड शुगर’ अशी वेगळी ओळ असते. साध्या शीतपेयात १०० मिलिलीटरला दहा-अकरा ग्रॅम साखर असते. ३०० मिलिलीटरची बाटली रिचवली की त्या दिवसाची मर्यादा ओलांडून झाली.

पुढच्या बाजूला जे मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं ते वाचूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. दुधात घालायच्या गोड पावडरींना ऑनलाइन दुकानं ‘हेल्थ ड्रिंक’ म्हणत होती. अशी काही व्याख्या कायद्यात नाहीच, त्या वर्गातून त्या काढा, असं केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाला एप्रिल २०२४ मध्ये सांगावं लागलं. पाठोपाठ जूनमध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने फळांच्या रसांवरचा ‘१०० टक्के रस’ हा दावा काढायला लावला. तोवर आपण ते पोरांना कौतुकाने पाजत होतोच.

पण नुसती साखर मोजून भागत नाही. ब्राझीलच्या साओ पाउलो विद्यापीठातले कार्लोस मोंतेइरो यांनी २००९ च्या सुमारास अन्नाची विभागणी त्यावर प्रक्रिया किती झाली यावरून केली. दही, पोहे, भाकरीचं पीठ, लोणचं यांवरही प्रक्रिया झालेली असते. त्याला त्यांचा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो स्टार्च, तेल, साखर, प्रथिनं सुटी करून, रंग-वास-चव घालून कारखान्यात पुन्हा जोडलेल्या पदार्थांना. अमेरिकेत संशोधक केव्हिन हॉल यांनी २०१९ मध्ये २० माणसांना एका ठिकाणी ठेवून दोन आठवडे असं अन्न दिलं आणि दोन आठवडे साधं घरगुती धर्तीचं. ताटात वाढलेली साखर, चरबी, मीठ, चोथा दोन्हीकडे सारखाच. हवं तेवढं खा. कारखानी अन्नावर लोक रोज सुमारे ५०० उष्मांक जास्त खाऊन बसले आणि वजन जवळपास किलोभर वाढलं. साध्या अन्नावर तेवढंच उतरलं. मऊ अन्न भराभर आत जातं आणि पोट भरल्याचं कळेपर्यंत ताट रिकामं झालेलं असतं, हे त्यामागचं एक कारण असावं. भाकरीचा घास चावायला वेळ लागतो, ही तिची खोड समजत होतो आम्ही.

आता हे सगळं कळून घरात फरक पडतो का? पुडे घरात येतात त्याला कारण आहे. आमची सून शाळेत शिकवते, सकाळी सातला बाहेर पडते. आमच्या मंडळींचे गुडघे बोलतात. मग चार वाजता पोर भुकेजून आलं की पुडाच फुटणार. ‘घरचं खा’ असा उपदेश जे पुरुष करतात, त्यांनी आधी घरचं करून दाखवावं. निवृत्त माणसाकडे दुसरं असतं काय, वेळच.

थालीपिठाची भाजणी मी करतो. ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद, धने, जिरे. प्रत्येक धान्य वेगळं भाजायचं, कारण ज्वारीला लागणारा वेळ धन्यांना दिला तर धने कडू होतात. मंद आंच, सतत हलवणं. तांदूळ पांढरे फुलले की उतरवायचे, डाळीचा खमंग वास सुटला की उतरवायची. पूर्ण गार झाल्याशिवाय डबा बंद करायचा नाही, नाहीतर आतल्या वाफेने पीठ लवकर बिघडतं. दळताना गिरणीवाल्याला सांगावं लागतं की गव्हानंतर टाक, मिरची-मसाल्यानंतर नको. तो आता मला बघितलं की आपणहून म्हणतो, ‘आबा, थांबा दहा मिनिटं.’ एवढी तयारी असली की कांदा चिरून थालीपीठ तव्यावर पडायला नूडल्सपेक्षा फार वेळ लागत नाही. बाकी फुटाणे, भाजके शेंगदाणे, केळं, ताक, आदल्या दिवसाची फोडणीची भाकरी. यात नवं काही नाही, तेच बरं आहे. भडंगात मात्र पिठीसाखर पडते आणि ती काढायचा प्रस्ताव सांगलीकरांच्या घरात मांडू नये.

सण मी सोडलेले नाहीत. पाडव्याला श्रीखंड, होळीला पुरणपोळी. त्या दिवशी कसला ब्रिक्स आणि कसलं काय. वर्षातल्या चार-सहा गोड दिवसांनी कुणाचं बिघडत नाही. रोजचा मंगळवार बिघडवतो. चहातली साखर आम्ही हळूहळू उतरवली, एकदम नाही. जीभ काही आठवड्यांत नव्या चवीला रुळते आणि मग जुना चहा पाक वाटतो.

पुड्यांचा आणखी एक त्रास. भंगारवाला पुठ्ठा घेतो, पत्र्याचा डबा घेतो, पाण्याची बाटली घेतो. चिप्सचं चकचकीत पाकीट तो हातात धरत नाही. त्यात प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते सुटे करणं परवडत नाही. मग ते ओढ्यात जातं नाहीतर चुलीत.

आणि या साखरेमागचं पाणी. महाराष्ट्रातल्या पिकांखालच्या जमिनीत उसाचा वाटा चार टक्क्यांहून कमी, पण सिंचनाच्या पाण्यात जवळपास ७० टक्के, असं केंद्राच्या कृषी मूल्य आयोगाने म्हटलेलं आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेलं, तेव्हा वाघिणी भरताना बघायला आमच्याकडची कितीतरी माणसं गेली होती. लातूरच्या आसपासही कारखाने आहेतच. सोलापूरसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात तर राज्यात सर्वांत जास्त. त्याच जिल्ह्यात मंगळवेढ्याची ज्वारी आहे. रब्बीत जमिनीत मुरलेल्या ओलीवर येते, तिलाही मानांकन आहे.

मी चहात एक चमचा कमी घातला म्हणून उजनी धरणात पाणी वाढत नाही, हे मला कळतं. शेतकरी ऊस लावतो कारण उसाला ठरलेला दर आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये. कारखाना तो नेतो, पैसे उशिरा का होईना देतो. ज्वारीला असं कोण आहे? माझा धाकटा भाऊ अजून शेती करतो. त्याला मी ज्वारीचं सांगितलं, तर म्हणाला, ‘तू घे की वर्षाची, लावतो.’ आता अर्धा एकर आमच्या दोन घरांसाठी लागतो. पाखरं राखायला कुणी मिळत नाही, काढणीची मजुरी अंगावर येते, आणि कडबा मात्र हातोहात जातो. हिशेब उसाच्या जवळपासही पोचत नाही. तो लावतो, कारण त्यालाही ती खायची असते.

सॉसची बाटली घरातून गेली, ती नातवानेच बंद केली. शीतपेय आता पाहुणे आले तरच. सध्या वाद टोस्टवर अडलेला आहे. बेकरीतल्या टोस्टमध्ये मैदा, साखर, वनस्पती तूप असतं हे मी लेबल वाचून दाखवलं. आमची मंडळी म्हणाली, ‘बरं.’ आणि बशीत चहा ओतून टोस्ट बुडवला.