काळजाचा डॉक्टर

डोळ्यांचा डॉक्टर असतो, दातांचा डॉक्टर असतो, तसा काळजाचाही डॉक्टर असतो. पुस्तकात काळजाला हृदय म्हणतात, म्हणून या डॉक्टराला म्हणायचे हृदयरोगतज्ज्ञ. शब्द लांब आहे, जोडाक्षरेही आहेत. पण सावकाश वाचा. हृदय-रोग-तज्ज्ञ. हृदयाच्या रोगातला जाणता, एवढाच त्याचा अर्थ.

असा डॉक्टर खेड्यात नसतो. तालुक्याच्या गावीही बहुधा नसतो. रिसोड, मानोरा, मंगरुळपीर इकडच्या माणसाला काळजाचे दुखणे झाले, की अकोला, अमरावती, नागपूर ही नावे निघतात. वाशीमहून अकोलाच सुमारे ८० किलोमीटर. मग लोक म्हणतात, तो मोठा डॉक्टर तिकडे लांब, आपला त्याचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो जिवाचा आहे. हा डॉक्टर काय करतो ते समजले, तर त्याच्याकडे पोचण्याआधी आपण काय करायचे तेही समजते.

आधी काळीज म्हणजे काय ते पाहू. आपली मूठ वळा. जवळजवळ तेवढेच ते असते. विहिरीवरची मोटार पाणी ओढते आणि पाइपातून शेतात ढकलते, तसे काळीज रक्त ढकलते. मिनिटाला साधारण ७० ते ७२ वेळा. दिवसरात्र मिळून एक लाखावर ठोके होतात. वीज गेली की मोटारीला विसावा मिळतो. काळजाला जन्मभर विसावा नाही.

मोटारीचे काय काय बिघडते, ते शेतकऱ्याला सांगायला नको. कधी पाइपात गाळ बसतो. कधी फुटवॉल गळतो आणि चढलेले पाणी परत विहिरीत पडते. कधी वीजच नीट येत नाही. काळजाचेही असेच आहे. त्याच्या स्वतःच्या मांसाला रक्त पुरवणाऱ्या नळ्या असतात, त्यांत चरबीचा थर बसतो. आत झडपा असतात, त्या आखडतात नाही तर गळतात. आणि काळजात बारीकशी वीजही असते, बरं का! तीच ठोका देते. ती मंदावली तर कातडीखाली एक लहान यंत्र बसवतात. त्याला पेसमेकर म्हणतात.

हे सारे शिकायला किती दिवस लागतात? बारावीनंतर साडेपाच वर्षे एमबीबीएस. मग तीन वर्षे औषधोपचाराची वरची पदवी. मग आणखी तीन वर्षे नुसते हृदय. साडेअकरा वर्षे झाली. तेवढ्यात पहिलीतला पोरगा बारावीत जातो. आणि एवढे शिकूनही तो वरिष्ठ डॉक्टर होत नाही. त्याला पुढे कितीतरी वर्षे रोगी पाहावे लागतात.

इथे एक घोटाळा होतो, तो दूर करू. काळजावर शस्त्रक्रिया करणारा सर्जन वेगळा. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १६ फेब्रुवारी १९६८ रोजी भारतातले पहिले हृदयरोपण केले. तो रोगी काही तासच जगला, पण वाट पडली. डॉ. सेन हे सर्जन होते. हृदयरोगतज्ज्ञ छाती उघडत नाही. तो मनगटातल्या किंवा जांघेतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी सरकवत काळजापर्यंत जातो. हे धाडस १९२९ साली जर्मनीत वेर्नर फोर्समान नावाच्या तरुण डॉक्टरने केले, तेही स्वतःच्या अंगावर! हाताच्या शिरेतून नळी काळजाकडे सरकवली, आणि तसाच चालत जाऊन क्ष-किरणांचा फोटो काढून घेतला. वडीलधारे डॉक्टर रागावले. पण १९५६ साली त्याला, आणखी दोघांबरोबर, नोबेल पारितोषिक मिळाले.

वरिष्ठ डॉक्टरचा दिवस खाटांपासून सुरू होतो. तो नाडी पाहतो. मानेची शीर फुगली आहे का ते पाहतो. पायाच्या नळीवर बोट दाबतो. खळगा पडला, तर अंगात पाणी साठले असे समजतो. यंत्रे पुष्कळ आली, पण चांगला डॉक्टर आधी विचारतो. "बाबा, कळ कुठे येते? दाखवा बरं." एकजण एका बोटाने नेमकी जागा दाखवतो. दुसरा सारी मूठच छातीवर ठेवतो. त्या मुठीने डॉक्टर सावध होतो. "चढावर चालताना येते का? थांबलं की राहते का?" या प्रश्नांची उत्तरे खरी द्यावी. बिडी ओढत असाल, खर्रा खात असाल, तर तेही सांगावे. तो काही पोलीस नाही.

मग तो नळी घालण्याच्या खोलीत जातो. क्ष-किरण अंगावर येऊ नयेत म्हणून शिशाचा जड अंगरखा घालून तासन्‌तास उभा राहतो. पण वरिष्ठाचे खरे काम हात चालवण्यापेक्षा ठरवण्याचे असते. प्रत्येक अडलेल्या नळीत जाळी बसवायची नसते. म्हणजे स्टेंट, बरं का. कुणाचे वय झालेले असते, कुणाची किडनी कमजोर असते, कुणाला गोळ्यांनीच बरे वाटते. "याला काही घालू नका, औषधावर ठेवा," असे सांगायला नळी घालण्यापेक्षा जास्त अनुभव लागतो, असे आम्हाला वाटते.

आता आपल्या गावाकडे येऊ. समजा, मालेगाव तालुक्यातला एक पन्नाशीचा शेतकरी आहे. रात्री तीन वाजता त्याच्या छातीवर कुणी पोते ठेवावे असा दाब आला. घाम फुटला. डावा हात भरून आला, जबडा दुखू लागला. घरची माणसे काय करतात? ओवा देतात. सोडा देतात. शेजारी म्हणतो, "गॅस असंल, सकाळी पाहू." सकाळचे नऊ वाजतात. सहा तास गेले!

त्या सहा तासांत आत काय झाले? चरबीच्या थराला चीर पडली. तिथे रक्ताची गाठ धरली आणि नळी बंद झाली. पाट फुटला की पुढच्या सऱ्या वाळतात, तसे त्या नळीवरचे मांस मरू लागले. पीक दिवसांनी वाळते. काळजाचे मांस तासांत मरते, आणि मेलेले पुन्हा उगवत नाही.

म्हणून असा दाब आला आणि तो विश्रांतीने राहत नसला, तर त्याच घडीला १०८ नंबरला फोन करावा. ही सरकारी रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ सालापासून आहे. तिला पैसे पडत नाहीत. ती यायला फार उशीर असेल तर मिळेल ते चारचाकी वाहन घ्यावे. रोग्याला चालवू नये, त्याला गाडी हाकू देऊ नये. आणि जायचे कुठे? ज्या जवळच्या दवाखान्यात इसीजीचे यंत्र आहे तिथे. तो दवाखाना कोणता, हे आजच विचारून ठेवा. रात्री तीनला विचारत बसू नये.

इसीजी म्हणजे काळजाच्या विजेची रेघ कागदावर काढणे. छातीला, हातापायांना चिमटे लावतात. दुखत नाही, झटकाही बसत नाही. ही युक्ती हॉलंडच्या आइंटहोवेन नावाच्या शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काढली. पहिली रेघ चांगली निघाली, तरी डॉक्टर "थांबा" म्हणाले तर थांबावे. काही वेळाने पुन्हा काढलेल्या रेघेत दुखणे दिसते.

आता गंमत पाहा. त्या कागदाचा फोटो मोबाइलवरून घटकाभरात मोठ्या डॉक्टरकडे पोचतो. तो लांबच्या शहरात असला तरी रेघ पाहून सांगतो, "गाठ विरघळवायचे इंजेक्शन तिथेच द्या." किंवा सांगतो, "देऊ नका, याला पूर्वी मेंदूत रक्तस्राव झाला होता, सरळ इकडे पाठवा." हे इंजेक्शन बारा तासांच्या आत देतात, पण पहिल्या दोन-तीन तासांत त्याचा गुण सगळ्यात जास्त. म्हणजे रोगी मोठ्या डॉक्टरकडे पोचायच्या आत मोठ्या डॉक्टरचा इलाज रोग्याकडे पोचतो.

डिसेंबर २०२२ पासून आपल्या जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग सुरू झाला. कारंजा, मंगरुळपीर, मालेगाव या तालुक्यांतून तो जातो. सोय झाली. पण त्यामुळे काही लोक म्हणतात, "इथं कशाला थांबायचं, सरळ नागपूरच गाठू." असे करू नये. आधी जवळचा इसीजी, मग लांबचा रस्ता. वाटेत काळीज एकाएकी थांबले तर साध्या गाडीत कोण काय करणार?

बायकांचे वेगळेच असते. पुष्कळ बायांना छातीत कळ कमी आणि दम, मळमळ, घाम, पाठदुखी, थकवा जास्त असतो. सैपाक आटोपल्यावर सांगू म्हणून त्या गप्प राहतात. ज्यांना साखरेचा रोग आहे त्यांना तर कधी कधी दुखतच नाही.

खर्चाची भीती बऱ्याच जणांना अडवते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत स्टेंट बसवण्याचा खर्च मिळतो. योजनेच्या यादीतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला भेटावे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घरात एका ठिकाणी ठेवावे.

काळजाच्या डॉक्टरचे काम झटका आल्यावरच सुरू होते असे नाही. मुंबईला केईएम रुग्णालयात डॉ. रुस्तम जाल वकील नावाचे हृदयरोगतज्ज्ञ होते. रक्ताचा दाब वाढला की काळजावर ताण पडतो, आणि त्या काळी या रोगावर धड औषध नव्हते. आपल्याकडचे वैद्य सर्पगंधेची मुळी फार जुन्या काळापासून वापरत. ती दाबावर चालते का, हे वकिलांनी रोग्यांवर काळजीने तपासले, मापे लिहून ठेवली आणि १९४९ साली इंग्लंडच्या हृदयरोगाच्या मासिकात ५० रोग्यांची हकिकत छापली. साऱ्या जगाचे लक्ष त्या मुळीकडे गेले. १९५७ साली त्यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. आम्हाला यात मुळीपेक्षा त्या मोजमापाचे मोल जास्त वाटते. मुळी पुष्कळांना ठाऊक होती, पण किती दिली, किती दाब उतरला, त्रास काय झाला, हे त्यांनी लिहिले. पुढे आणखी चांगल्या गोळ्या निघाल्या आणि ते औषध मागे पडले. म्हणून कुणी मुळी उगाळून पिऊ नये. दाब मोजून घ्यावा. तो वाढला तरी बहुधा कळत नाही, म्हणून मोजायचा. लोणचे, पापड, ठेचा यांतले मीठ हात आखडून घालावे.

मुलांकडेही लक्ष हवे. घसा दुखून ताप येतो, पुढे दोन-तीन आठवड्यांनी गुडघे, घोटे एकामागून एक सुजतात. सांधे बरे होतात, पण काळजाच्या झडपा आतून खराब होऊ शकतात. अशा मुलाला डॉक्टर दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलीनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे देतात. पोरगा खेळतो आहे, मग सुई कशाला, असे म्हणून ते मध्येच बंद करू नये.

तसेच गोळ्यांचे. जाळी बसली की बरे वाटते, माणूस शेतात जातो. मग एक दिवस गोळ्या संपतात. "सोयाबीन विकलं की आणू," असे म्हणतो. रक्त पातळ ठेवणारी गोळी अशी एकाएकी सुटली, तर त्या जाळीतच गाठ धरते आणि पहिल्यापेक्षा मोठा झटका येऊ शकतो. पैसे नसतील तर डॉक्टरला तसे सांगावे. स्वस्त गोळी कोणती, सरकारी दवाखान्यात कोणती मिळते, हे तो सांगतो. पण आपल्या मनाने बंद करू नये.

आणि इसीजीचे जुने कागद फेकू नका. सातबारा ठेवता त्या पिशवीत ठेवा. मात्र त्यावरची रेघ काही काळाने पुसट होते, म्हणून झेरॉक्स काढून घ्या. पुढच्या वेळी डॉक्टर जुना आणि नवा कागद शेजारी शेजारी ठेवतो, आणि आज दिसते ते दुखणे आजचे की मागचे, ते त्याला लगेच कळते.